सायकलवरचे बिऱ्हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाला स्त्रीशिक्षण, बालसंगोपन, काटकसर, आहार अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्यामुळे "सायकलवर सामान कसे बांधावे यावर तुम्ही बोला," असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला प्रथम हसूच आले. येथे बसलेल्या प्रत्येकीने लेकीच्या बाळंतपणापासून पंढरीच्या वारीपर्यंत किती तरी बोचकी बांधली आहेत आणि सोडली आहेत. तुम्हांला मी काय शिकवणार? पण घरी जाऊन विचार केला आणि २६ जानेवारी २०२४ चा दिवस डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या दिवशी माहूरच्या चढावर माझी जी चूक झाली, ती सामान बांधण्याचीच चूक होती. तिच्यापायी माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या जिवावर बेतले होते. आता येत्या हिवाळ्यात आपल्या मंडळाच्या भगिनी थेट चिखलदऱ्यापर्यंत सायकलीने जाण्याचा बेत करीत आहेत. अशा वेळी ती चूक चारचौघींत कबूल करणे हे माझे कर्तव्य आहे, असे मला वाटते.

पुसद म्हणजे डोंगरांच्या कुशीतले गाव. कोणत्याही दिशेने बाहेर पडा, चढण ठरलेली. आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलीने हे चढ चढायचे म्हणजे उतरून ढकलत जायचे, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पण हल्ली घरोघर मुलांच्या गिअरच्या सायकली आल्या. जिला माउंटन बाईक म्हणतात ती ही सायकल. टायर जाड, पुढच्या चाकाला शॉकअप आणि गिअर असा हलका करता येतो की, चढावर पाय फिरत राहतात. मुले शिकायला पुण्या-नागपूरला गेली आणि सायकली अंगणात गंजत पडल्या. त्या आम्ही पुसून, तेलपाणी करून रस्त्यावर काढल्या. वर्षभर सकाळी फिरून पाय तयार झाले. मग सहा जणींनी माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचे ठरविले. सर्वांत लहान एकतीस वर्षांची, सर्वांत मोठी मी, अठ्ठावन्न वर्षांची. पुसदहून गुंज, गुंजहून धनोडा, तेथे पैनगंगेचा पूल ओलांडला की नांदेड जिल्हा आणि वर माहूर. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आतबाहेर. पहिल्या दिवशी जायचे, दुसऱ्या दिवशी दत्तशिखर आणि अनसूयामाता करायची, तिसऱ्या दिवशी परत. शुक्रवार, शनिवार, रविवार असा तीन दिवसांचा मेळ चांगला जमला होता.

आता सामानाची तयारी ऐका. आदल्या रात्री प्रत्येकीने आपापली पिशवी भरली. पातळे, स्वेटर, शाल, पांघरूण, तीळगुळाचे लाडू, चिवडा, मेथीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी, स्टीलचे डबे, फुलपात्री. बरणी कशाला, असे मी एकीला विचारले. ती म्हणाली, "असू द्या ताई, कुणाला लागले तर?" हे "कुणाला लागले तर" फार वजनदार असते. देवीची ओटी भरायची म्हणून प्रत्येकीने खण, नारळ आणि तांदूळ घेतले होते. म्हणजे सहा सायकलींवर सहा नारळ! माहूरला देवळाच्या पायथ्याशी ओटीची दुकाने ओळीने आहेत, नारळाचे ढीग आहेत, हे आम्हा सहाही जणींना पक्के ठाऊक होते. पण घरून नेलेला नारळ तो घरचा नारळ, त्याला काय करणार! परत आल्यावर मी माझी पिशवी वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिली. पाणी सोडून ती सोळा किलो भरली.

मी गटातली थोरली. म्हणून औषधांची पेटी माझ्याकडे होती. पट्टी, कापूस, मलम, तापाच्या गोळ्या आणि ग्लुकोजचा पुडा असे सर्व एका डब्यात नीट भरले, आणि तो डबा पिशवीच्या अगदी तळाशी ठेवला. कारण काय? तर निघताना आजारपणाचे नाव नको, ते आपले खाली असावे. वर ठेवला तीळगूळ.

सकाळी शाळेतले झेंडावंदन उरकून साडेआठला निघालो. पौषातली थंडी होती, ऊन कोवळे होते. रस्त्याने उसाने लादलेल्या ट्रॉल्या चालल्या होत्या. त्या पुढे जात, चहाला थांबत, मग आम्ही त्यांच्या पुढे जात असू. गुंजच्या पुढे एकीची पिशवी सैल झाली. नायलॉनची दोरी होती. ती खडबडीत रस्त्यावर हळूहळू सुटते आणि तिचे टोक चाकात शिरते. सुदैवाने सपाट रस्ता होता, म्हणून चाक अडकून सायकल नुसती उभी राहिली. उतारावर असती तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती. पुढे दोघींच्या ट्यूबा बाभळीच्या काट्यांनी फुटल्या. असे करता करता धनोड्याच्या पुलावर यायला दीड वाजून गेला.

पूल ओलांडला की डोंगराची चढण लागते. माझ्या धाकट्या जाऊबाई माझ्या पुढे होत्या. त्यांची परवानगी घेऊनच हे सांगते. त्या पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांची सायकल रस्त्यावर वाकडी-तिकडी जाऊ लागली. मला वाटले, दमली. मी म्हटले, "अगं, उतर, जरा बस." तर ती माझ्यावरच चिडली. बत्तीस वर्षांत ती माझ्याशी एकदाही तशी बोलली नव्हती. मी जवळ जाऊन पाहते तो वारा थंड आणि हिच्या कपाळावर घाम दरदरून फुटलेला. हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. मी विचारले, "सकाळपासून खाल्लेस काय?" ती म्हणाली, "शुक्रवार आहे ना ताई. देवीचे दर्शन झाल्याशिवाय काही घ्यायचे नाही, असे ठरवले होते." आणि मग हळूच म्हणाली, "पण सकाळची गोळी घेतली आहे."

कसली गोळी? तर मधुमेहाची. दोन वर्षे ती गोळ्या घेत होती आणि एका घरात राहून मला पत्ता नव्हता. गोळ्या पिशवीच्या तळाशी, पातळाच्या घडीत लपवलेल्या. सांगितले असते तर "तुला जमायचे नाही, तू घरी थांब," असे सगळ्यांनी म्हटले असते, अशी तिची भीती. आणि ती भीती खोटी नव्हती. मीच पहिली तसे म्हटले असते.

साखर उतरवणारी गोळी पोटात, अन्नाचा कण नाही आणि पन्नास किलोमीटरांचे श्रम. अशा वेळी रक्तातली साखर फार खाली जाते आणि ताबडतोब गोड दिले नाही तर माणूस बेशुद्ध पडते. हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी एवढेच कळले की हिला गोड द्यायला हवे. वर तीळगूळ होता, तो तोंडात दिला. पण तिला चावता येईना. शिवाय तिळात तेल; तसले गोड अंगात उतरायला वेळ लागतो. ग्लुकोज हवा होता आणि तो माझ्या पिशवीच्या तळाशी. मी रस्त्याच्या कडेला पिशवी उपसू लागले. नारळ बाहेर आला, खण आला, चिवड्याचा डबा आला, दोन स्वेटर, शाल, पातळे, फुलपात्री. डब्याचे झाकण घट्ट बसलेले. माझे हात कापत होते. तो पुडा हाती लागेपर्यंत पाच-सात मिनिटे गेली असतील. ती पाच-सात मिनिटे मला जन्मभर पुरतील. सकाळपासून आम्ही उसाच्या ट्रॉल्यांच्या मागेपुढे चाललो होतो आणि आमच्या हाताशी तीन चमचे साखर नव्हती.

ग्लुकोज पाण्यात कालवून घोटघोट दिला. पंधराएक मिनिटांत डोळ्यांत ओळख आली. मग तिला थोडे धपाटे खायला लावले. पैनगंगेकडून येणारा एक रिकामा टेम्पो थांबला, त्यात ती आणि तिची सायकल घालून माहूरला नेली आणि डॉक्टरांना दाखविले. संध्याकाळी ती बरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटभर नाश्ता करून तिने देवीचे दर्शन घेतले. देवी रागावली नाही. तांबुलाचा प्रसादही मिळाला.

त्या रात्री भक्तनिवासात आम्ही सहा जणींनी सहा पिशव्या जमिनीवर ओतल्या आणि पुन्हा भरायला बसलो. त्या रात्री जे सुचले आणि नंतरच्या फेऱ्यांत जे अनुभवाला आले, ते आता क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट समतोलाची. ही विद्या आपल्या मातीत जुनी आहे. आपल्या तालुक्यातले गहुली हे कै. वसंतराव नाईकांचे गाव. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ते ज्या बंजारा समाजातून आले, त्या समाजाचे तांडे रेल्वे येण्यापूर्वी शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. बैलाच्या पाठीवर गोणी आडवी टाकायची, ती दोन्ही अंगांना सारखी लोंबली पाहिजे. एक बाजू जड झाली की पाठ सोलून निघते आणि बैल बसतो. सायकलीचे तसेच आहे. मागे दोन्ही बाजूंना पिशव्या लावायच्या तर दोन्हींचे वजन सारखे हवे. हातात घेऊन अंदाज करू नका, काट्यावर ठेवा. आपला दूधवाला पाहा. कॅन दोन बाजूंना आणि शक्य तितके खाली लटकवलेले असतात. वजन खाली असले की सायकल स्थिर राहते. वर चढवले की वळणावर ती आपल्याला ओढून नेते. म्हणूनच जड पिशवी स्वतःच्या पाठीवर घेऊ नये. वजन सगळ्यांत उंच जाते, मान आखडते, पाठ घामाने भिजते आणि खोगिराचा त्रास दुप्पट होतो.

दुसरी गोष्ट जागेची. काळ्या सायकलीला मागे लोखंडी कॅरिअर होते; आपण त्यावर पोतेही टाकत असू. या नव्या सायकलीला पुष्कळदा कॅरिअर नसते, आणि बसवायला भोकेही नसतात. मग सामान ठेवायचे कोठे? हा प्रश्न नवा नाही. १८९७ साली अमेरिकेच्या लष्करातल्या वीस काळ्या शिपायांची एक तुकडी सायकलींवरून मोंटाना प्रांतातून सेंट लुईसला गेली, सुमारे १९०० मैल, डोंगर आणि चिखल तुडवीत. त्यांनी अंथरूण-पांघरुणाची वळकटी करून ती हँडलला बांधली होती आणि सायकलीच्या सांगाड्यातल्या त्रिकोणात पेटी बसवून तीत जिन्नस ठेवले होते. आज परदेशी बनावटीच्या महागड्या पिशव्या मिळतात, त्यांचीही जागा हीच: हँडलवर वळकटी, मधल्या त्रिकोणात एक चपटी पिशवी आणि बैठकीच्या मागे एक निमुळती. आम्ही त्रिकोणाची पिशवी जुन्या जीनच्या कापडाची घरीच शिवली. पुठ्ठ्यावर सायकलीचा त्रिकोण उतरवून घ्यायचा, त्यापेक्षा बोटभर लहान कापायचा, वर तीन आणि खाली दोन बंद लावायचे. आपल्या शिवणवर्गात एका दुपारी होण्यासारखे काम आहे.

आता कोणत्या जागी काय ठेवायचे? मधल्या त्रिकोणात सर्वांत जड सामान: हत्यारे, पंप, जादा पाणी. हँडलवर हलके आणि फुगीर: शाल, पांघरूण, स्वेटर. हँडलवर जड बांधले की चाक वळवणे कठीण जाते, आणि वळकटी ब्रेकच्या तारांवर दाबता कामा नये. बैठकीच्या मागे कपडे, घट्ट गुंडाळून, नाही तर पिशवी शेपटीसारखी हलते. प्रत्येक गोष्ट आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत. खताच्या पोत्याच्या आतला कागद स्वच्छ धुऊन वापरला तर पावसाचा थेंब आत जात नाही. बांधायला नायलॉनची दोरी नको. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणून तिच्या बोट-दोन बोटे रुंद पट्ट्या कापा. रबर ताणून बांधले की धक्क्यांनी सैल होत नाही. प्रत्येक टोक आत खोचा. ओढणी आणि पदर यांनाही हाच नियम.

कॅरिअर असलेच तर त्याचे नटबोल्ट रोज सकाळी हाताने तपासावेत. कच्च्या रस्त्यावर ते हमखास ढिले होतात. सगळे बांधून झाले की सायकल उचलून दोनदा आपटा. काही वाजले तर पुन्हा बांधा. आणि निघण्यापूर्वी आठवडाभर आधी, पूर्ण सामानासह, आपल्याच गावातल्या एखाद्या वाईट रस्त्यावर दहा किलोमीटर फिरून या. असा रस्ता शोधायला पुसदेत कोणाला त्रास होईल असे वाटत नाही. लादलेली सायकल उतारावर लवकर थांबत नाही, हेही त्या फेरीत कळते. म्हणून घाटात ब्रेक सतत दाबून धरू नयेत. थोडा वेळ दाबायचे, सोडायचे, आणि वेग मुळातच कमी ठेवायचा.

तिसरी गोष्ट, काय न्यायचे. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो. ते टाळता येत नाही. पण दहा किलोमीटरांवर गाव असेल तर चार लिटर लादण्याचे कारण नाही. चिखलदऱ्याच्या घाटात मात्र भरून न्यावे. हत्यारांत पंप, दोन जादा ट्यूबा, पंक्चरची पेटी, टायर काढायच्या पट्ट्या, षटकोनी चाव्यांचा जुडगा आणि चेनची एक जादा कडी. पंपाची एक खुबी ध्यानात ठेवा. आमच्या सायकलींचा व्हॉल्व्ह मोटारीसारखा आहे. खेड्यातल्या सायकल दुकानातला जुना पंप त्याला बसत नाही, पेट्रोलपंपावरची हवा मात्र भरता येते. काहींचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा असतो, त्यात पेट्रोलपंपावरची हवा थेट भरता येत नाही. आपल्या सायकलीचा कोणता आहे ते घरी पाहून ठेवा. आपल्याकडचे बाभळीचे काटे आणि सराटे ओळख विचारीत नाहीत.

कपडे दोन जोड पुरेत. एक अंगावर, एक पिशवीत. रात्री धुवावा, सकाळपर्यंत वाळतो. चार दिवसांची तजवीज प्रत्येकीने करावी, तारीख दूर असली तरी. श्रमाने आणि प्रवासाने ती मागेपुढे होते. आणि ही वस्तू दुसरीकडे मागण्यात संकोच बाळगू नये.

मी आता पाणी सोडून नऊ किलोंवर एक गुंजही जाऊ देत नाही. सोळाचे नऊ कसे झाले? माहूरहूनच आम्ही जादा सामानाचे एक गाठोडे एस.टी.ने आलेल्या ओळखीच्या मंडळींबरोबर पुसदेला धाडले. परतीच्या वाटेवर सहा जणींपैकी एकीलाही त्यातल्या एका वस्तूची आठवण झाली नाही.

सायकल किती वजन पेलते, असे विचाराल तर उत्तर थक्क करणारे आहे. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी लोकांनी फ्रेंच बनावटीच्या साध्या सायकलींवर दोन-दोनशे किलोंहून अधिक तांदूळ आणि दारूगोळा डोंगरातून नेला. पण ते सायकलीवर बसत नव्हते. हँडलला बांबू जोडून ते तिला ढकलत चालत होते. सायकलीची पेलण्याची ताकद ही वेगळी आणि बसणारीची ताकद वेगळी. आपल्याला बसून जायचे आहे.

ज्यांनी फार लांबचे प्रवास केले, त्या बायकांनी सोडून देण्याचीच विद्या शिकून घेतली. १८९४ साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून ॲनी लंडनडेरी नावाची तीन मुलांची आई पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. तिच्या पहिल्या सायकलीचे वजन ४२ पौंड, म्हणजे एकोणीस किलो. शिकागोपर्यंत ती दमून गेली. तेथे तिने ती सायकल टाकून २१ पौंडांची पुरुषी सायकल घेतली आणि घोळदार झग्यालाही रजा दिली. १९६३ साली आयर्लंडची डर्व्हला मर्फी एकटी सायकलीवरून युरोप, इराण, अफगाणिस्तान करीत दिल्लीला आली. तिने जादा टायर सायकलीवर लादले नाहीत. वाटेवरच्या ब्रिटिश वकिलातींत ते आधीच पोस्टाने धाडून ठेवले. आणि आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यातला बहुतेक प्रवास एकटीने, आपले सामान आपणच वाहून. कॅनडात तिच्यामागे अस्वल लागले, स्पेनमध्ये चोरट्यांनी चाकू दाखवून लुटले. तरी तिने फेरी पुरी केली.

डर्व्हलाबाईंच्या पोस्टाची युक्ती आपल्याला तर फारच सोपी आहे. चिखलदऱ्याची वाट दिग्रस, दारव्हा, अमरावती, परतवाडा अशी आहे. यांपैकी प्रत्येक गावी आपल्या मंडळातल्या कोणा ना कोणाचे माहेर आहे. धुतलेला जोड, गरम कपडे, जादा ट्यूब असे एकेक पुडके आधी त्या घरी धाडून ठेवावे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे, हिवाळ्यात तेथे रात्री चांगलेच गारठते. पण ती रजई पुसदेपासून उरावर वाहण्याचे कारण नाही. ती परतवाड्यास उचलावी. आणि नारळ, मैत्रिणींनो, कोठेही मिळतो.

आता शेवटची गोष्ट. तिच्यासाठीच मी आज उभी राहिले आहे.

प्रत्येकीच्या हँडलपाशी एक लहान बटवा असावा, एका हाताने उघडता येणारा. त्यात ग्लुकोजचा पुडा किंवा साखरेच्या पुड्या, पट्टी, शिटी, थोडे पैसे, आणि स्वतःच्या औषधांची चिठ्ठी. कोणते औषध, किती, केव्हा, घरचा फोन, डॉक्टरांचा फोन. साखर उतरल्यासारखे वाटले तर तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून द्यावी, पंधरा मिनिटे थांबून पाहावे, उतार नसेल तर पुन्हा द्यावी, आणि बरे वाटल्यावर जेवण. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. ज्या भगिनी इन्सुलिन घेतात किंवा गोळ्या घेतात, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना श्रमाची पूर्ण कल्पना द्यावी. श्रमाच्या दिवशी मात्रा किती आणि खाणे किती, हे त्यांनीच ठरवायचे. श्रमाचा परिणाम रात्री झोपेतही होतो, म्हणून त्या भगिनीच्या शेजारी झोपणारीला सारे ठाऊक असावे. इन्सुलिन उन्हात तापलेल्या पिशवीत ठेवू नये. आणि वाटेत उपवास नको, कोणत्याही देवाचा.

पण बटवा कितीही चांगला शिवला तरी त्यात काय घालायचे हे कळायला आधी तोंड उघडावे लागते. आम्ही बायका घरादाराचे सामान बांधताना कोणाला काय लागेल ते न सांगता ओळखतो. सासूबाईंचा चष्मा, नवऱ्याची तपकीर, मुलाची आवडती वाटी, काही विसरत नाही. आपली स्वतःची गोळी मात्र पातळाच्या घडीत लपवतो. माझ्या जाऊबाईंनी ती लपवली, यात त्यांचा दोष अर्धा. त्यांना लपवावीशी वाटली, यात आम्हा सर्वांचा अर्धा. जी भगिनी आपले दुखणे सांगेल तिला घरी बसवायचे, असा आमचा रिवाज असेल, तर कोण कशाला सांगेल? म्हणून चिखलदऱ्याच्या सहलीसाठी मी असे सुचविते की, दुखणे सांगणारीला मागे ठेवायचे नाही, हे मंडळाने आधीच ठरवावे. डॉक्टरांनी नाही म्हटले तर गोष्ट निराळी. आपण मात्र तिच्या चालीने चालावे.

जाऊबाईंना मी मागच्या आठवड्यात विचारले, "येणार का चिखलदऱ्याला?" त्या म्हणाल्या, "येणार तर! पण बटव्याचे काम माझ्याकडे द्या ताई." सहलीला येणाऱ्या सर्व भगिनींसाठी बटवे शिवण्याचे काम त्यांनी घेतले आहे. आज सभा संपल्यावर त्या दाराशी कागद-पेन्सिल घेऊन बसतील. आपले नाव आणि आपले औषध त्यांच्या कानात सांगायचे नाही. मोठ्याने सांगायचे आहे. सुरुवात मी करते: मला रक्तदाबाची एक गोळी, रोज सकाळी.